झोपाळ्याला वीज लागत नाही

जशभाई पटेलांनी त्या दिवशी भर दुपारी अंघोळ करायचं ठरवलं, तिथून सगळं सुरू झालं. वास्तविक सकाळी एकदा अंघोळ झाली होती. पण घरात एकटा माणूस, दुपार सरता सरत नाही, पेपरातल्या श्रद्धांजल्यासुद्धा दोनदा वाचून झालेल्या. म्हटलं, चला, अंघोळ तरी करू. गिझर लावला, तेवढ्यात समोरच्या भानुभाईंनी हाक मारली, आणि आपले जशभाई गिझर विसरून सोसायटीच्या बाकड्यावर जाऊन बसले. (अंघोळ राहिलीच. तशी ती निकडीची नव्हती.)

गप्पा रंगात आल्या आणि फोन वाजला. न्यू जर्सीहून. बायकोचा.

तिचा फोन यायचा तो रविवारी, आणि आज रविवार नव्हता. तिकडे तर अजून उजाडलंही नसेल.

"कपिला? काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बाळ मजेत आहे. गिझर बंद करा."

"कुठला गिझर?"

"आपल्याकडे काय दहा-बारा गिझर आहेत? बाथरूममधला! केव्हाचा जळतोय. आणि तुम्ही कुठे आहात? भानुभाईंचा आवाज येतोय. म्हणजे बाकड्यावर. म्हणजे अंघोळीला नाहीच लावला. उठा आधी!"

जशभाईंनी वर आभाळाकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. सातासमुद्रापलीकडून आपल्या बाथरूममधलं दिसतं म्हणजे काय!

दिसत होतं ते मोबाइलवर. गेल्या वर्षी जमाईच्या आग्रहाने छपरावर सोलर बसवलं, तेव्हा त्याने घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. त्यात दोन रेघा. पिवळी रेघ छपरावर किती वीज तयार होतेय त्याची, निळी रेघ घरात किती खर्च होतेय त्याची. जशभाई फक्त पिवळी बघायचे. कारण आणंदजवळच्या त्या सोसायटीत सोलर नाही असं छप्परच उरलं नव्हतं, आणि संध्याकाळी बाकड्यावर नमस्काराच्या जागी "आज किती युनिट पडले?" असं विचारायची पद्धत पडली होती. उन्हाळ्यात सगळे छाती काढून आकडे सांगायचे. आभाळ भरलेलं असलं की बाकड्यावर सुतकी शांतता. सोसायटीतली निम्मी घरं कुलूपबंद होती, पोरं परदेशात, म्हातारेही पोरांपाठोपाठ गेलेले. पण त्यांच्याही छपरावर पॅनल होतीच. ती बिचारी दिवसभर वीज करायची आणि सगळीच्या सगळी सरकारी तारेत ढकलून द्यायची.

निळ्या रेघेकडे जशभाईंचं लक्ष नव्हतं. ते कपिलाबेनचं होतं.

गिझर बंद करून ते झोपाळ्यावर येऊन बसले. ओसरीतला हा सागवानी, पितळी कड्यांचा झोपाळा म्हणजे या घराचा खरा दिवाणखाना. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली. तंबाखूच्या वखारीतून जशभाई घरी आले की दोघं इथेच बसायची. ती डावीकडे, कारण पाय जमिनीला लावून झोका द्यायचं काम तिचं. (जशभाईंनी दिलेला झोका वाकडा जातो असं तिचं मत होतं, आणि ते खरं होतं.) श्रावणात ती मुलीच्या, तोरलच्या, बाळंतपणाला गेली. तेव्हापासून जशभाई उजवीकडेच बसत होते, आणि झोपाळा एका बाजूला कललेला असायचा.

तिचे फोन यायचे, नाही असं नाही. रविवारी. पण फोनवर ती कुठे असायची? "हे बघा कसं हसतंय" म्हणून कॅमेरा बाळाकडे. मग बाळाचं कपाळ, मग छतावरचा पंखा, मग "दूध उतू जातंय, ठेवते." आज मात्र तिचा अख्खा आवाज ऐकायला मिळाला होता. तोच, ताजा, रागावलेला, फक्त त्यांच्यासाठी! जशभाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी रात्रीच्या खिचडीत दोन चमचे जास्त तूप घातलं.

आणि मग त्यांच्या मनात पाप आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऊन उतरल्यावर वॉशिंग मशीन लावलं. सोलर बसल्यापासून कपिलाबेनचा दंडक होता, जे काय धुणं, दळणं, तापवणं असेल ते ऊन आहे तोवर उरकायचं. ऊन उतरल्यावर मशीन लावणं म्हणजे एकादशीला कांदा खाण्यासारखं. मशीनमध्ये एकच रुमाल होता. तो दोन फेरे फिरायच्या आत फोन!

"ही काय वेळ आहे मशीन लावायची? दिवसभर काय करत होतात?"

"विसरलो गं."

"विसरलो! आणि काय टाकलंत आत?"

"कपडे," जशभाई रुमालाकडे बघत म्हणाले. "जेवलीस का?"

"सकाळचे साडेसात वाजलेत इथे. काय जेवणार? चहा पितेय."

"एकटीच?"

"एकटीच," ती म्हणाली. मग तिने मशीन बंद करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी इस्त्री तशीच तापत ठेवली. चौथ्या दिवशी पाण्याची मोटर चालू ठेवली, टाकी भरून वाहिली आणि खालून जाणाऱ्या भानुभाईंवर बरसली. भानुभाई ओले झाले, पण फोन आला. आठवडाभर जशभाई नवऱ्याने खाव्यात त्यापेक्षा दुप्पट शिव्या खात होते आणि त्यांच्या गालावर तकाकी आली होती.

पण कपिलाबेन काही दुधखुळ्या नव्हत्या. फोन थांबले आणि मेसेज सुरू झाले. "गिझर." नुसता एक शब्द. दुसऱ्या दिवशी "इस्त्री." मग तेही गेलं, नुसतं लाल तोंडाचं रागावलेलं चित्र यायला लागलं. जशभाई ते चित्र मोठं करून बघत बसायचे. त्यात कपिलाचं काहीही नव्हतं, नाकसुद्धा नव्हतं.

आणि त्यातच रविवारचा तो फोन आला. नवरात्र नुकतंच संपलं होतं.

"ऐकलंत का? तोरल म्हणतेय उतराणपर्यंत राहा. तिची नोकरी सुरू होतेय, बाळाला बघायला कोणी नाही."

"उतराण?" जशभाई म्हणाले. "म्हणजे थेट संक्रांत! दिवाळीला येणार होतीस ना!"

"होते. पण आता काय करू? पोरीला असं टाकून येऊ?"

"आणि रसाचं काय?"

रसाचं असं होतं. मे महिन्यात केसर आंब्याचा रस काढून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायचा ही त्या घराची रीत. निघताना कपिलाबेनने डब्यांची थप्पी दाखवून सांगितलं होतं, दर रविवारी एक डबा काढायचा, दोन नाही. डबे संपले की समजा मी आलेच. जशभाईंच्या घरात कॅलेंडर होतं, पण ते बघायचे फ्रीजर. दर रविवारी थप्पी एका डब्याने उतरायची आणि ती एका डब्याने जवळ यायची. एकदा तर एका रविवारी दोन डबे काढायचा मोह झाला होता, रसासाठी नव्हे.

"रसाचं काय त्यात? पंधरा दिवसांनी एक काढा," कपिलाबेन म्हणाल्या. "साखरही ताब्यात राहील. थांबा, बाळ उठलं."

मग बाळाचं कपाळ. मग छतावरचा पंखा.

जशभाई त्या संध्याकाळी बाकड्यावर गेले नाहीत. भानुभाईच झोपाळ्यावर येऊन बसले, डावीकडे. जशभाईंनी त्यांना उठवून खुर्ची दिली.

"भानु, माणसाची किंमत कधी कळते?"

"मेल्यावर," भानुभाई म्हणाले.

"त्याच्या जरा अलीकडे?"

भानुभाईंनी विचार केला. जशभाईंनी मग मनातला बेत सांगितला. वीज जास्त जाळली तर ती रागावते. ठीक. पण वीज वापरलीच नाही तर? निळी रेघ एकदम आडवी पडली तर? घाबरेल! दिवसातून चार फोन करेल! कदाचित... पुढचं त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही, पण डोळ्यांसमोर विमानतळ आला होता.

"मग मेन स्विचच पाडतो," जशभाई म्हणाले.

"अरे वेड्या, मेन पाडलास की छपरावरचं सोलरही झोपतं आणि वायफायही मरतो. तिला वाटेल ॲप बिघडलं. मग फोन येईल तो जमाईचा, बायकोचा नाही."

"जमाईचा नको."

"मग वायफायचा डबा तेवढा चालू ठेव. बाकी सगळे खटके खाली."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर जशभाईंनी देवाला नमस्कार केला आणि बोर्डावरचे खटके एकेक करून खाली पाडले. घर इतकं गप्प झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. ते झोपाळ्यावर येऊन बसले, फोन मांडीवर घेतला आणि वाट बघायला लागले.

निळी रेघ तळाला जाऊन आडवी झाली. पिवळी वर आभाळात. शरदातलं कडक ऊन, एक ढग नाही! संध्याकाळी भानुभाईंनी तो फोन बाकड्यावर सगळ्यांना फिरवून दाखवला, तेव्हा लोक हळहळले. केलेली सगळी वीज तारेत, घरात थेंब नाही! असा विक्रम सोसायटीत कोणाचा झाला नव्हता. एकाने तर जशभाईंचा हात हातात घेतला.

भानुभाई मात्र रेघेकडे बघत राहिले. "जशू," ते म्हणाले, "तुझी रेघ बंद घराच्या रेघेसारखी दिसतेय रे."

जशभाईंना ते आवडलं नाही. पण बेताच्या दृष्टीने उत्तम होतं.

फोन आला नाही. तिकडे सकाळ झाली असेल, चहा झाला असेल, तरी आला नाही. जशभाईंनी अंधारात गार भाकरी खाल्ली आणि पंखा न लावता डासांना अंग देऊन झोपले. सकाळीही नाही. दुपारीही नाही. चार-चौघांसमोर हसून बोलावं आणि आत काहीतरी तुटत जावं, तसं त्यांचं चाललं होतं. गिझर अर्धा तास चालला तर या बाईला न्यू जर्सीत कळतं, आणि इथे अख्खा नवरा विझला तर काही नाही? चाळीस वर्षं! निदान लाल तोंड तरी पाठवायचं!

संध्याकाळी ते तोंड पाडून झोपाळ्यावर बसले होते तेव्हा फोन वाजला.

जशभाईंनी मुद्दाम चार वेळा वाजू दिला. मग अगदी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "हं... कपिला..."

"अहो! काल दिवसभर त्या दवाखान्यात बाळाची इंजेक्शनं, फोन तोरलच्या पर्समध्ये राहिला, आत्ता बघतेय! काय झालंय तिथे?"

तिचा आवाज थरथरत होता. खरोखर थरथरत होता! जशभाईंचे डोळे भरून आले. "काही नाही गं. आहे आपला..."

"मग फ्रीजर का बंद आहे?"

"काय?"

"फ्रीजर! रस! माझा रस! कालपासून रेघ पडलीय!"

जशभाई झोपाळ्यावरून असे उठले की झोपाळा मागून येऊन गुडघ्यात बसला. वायफायचा डबा चालू ठेवायचा हे लक्षात होतं. फ्रीजर ही वीज लागणारी वस्तू आहे हे साफ विसरले होते. त्यांच्या लेखी तो कॅलेंडर होता.

फ्रीजरचं झाकण उघडलं. केसरचा वास आला, मे महिन्यातल्या दुपारचा. वरचे डबे पाणी, खालचे चिखल. कपिलाबेनने साल काढून, गाळून, डब्यावर डबा रचलेली ती सगळी उन्हाळ्याची मेहनत झाकणांतून पाझरत होती.

"वितळला," जशभाई म्हणाले.

मग तिचा आवाज, कोरडा: "वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. आंबेल. आजच्या आज संपवा."

"सगळा?"

"सगळा. ज्योत्स्नाला सांगा, पुऱ्या करेल."

ज्योत्स्नाबेन म्हणजे भानुभाईंची बायको. तिने कढई चढवली, आणि बातमी फिरायला वेळ लागला नाही. ऐन ऑक्टोबरात रस-पुरी! जशभाईंच्या ओसरीत सोसायटी लोटली. लोक विचारत होते, कशानिमित्त? नातवाचं बारसं का? भानुभाई सांगत होते, "विक्रमानिमित्त." मंडळींनी बोटं चाटून रस ओरपला. जशभाई वाढत होते. एकेक डबा रिकामा झाला की धुवून पालथा घालत होते. त्यांच्या वाटचा शेवटचा वाडगा हातात आला तेव्हा मात्र घास गिळवेना. तिची चव होती ती, वेलदोडा जरा जास्त. आता पुढच्या रविवारी फ्रीजर उघडायचं कारण उरलं नव्हतं.

पाहुणे पांगले. जशभाईंनी स्वतःहून फोन लावला, आणि या वेळी कॅमेरा बाळाकडे नव्हता. कपिलाबेन होत्या. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. इतक्या दिवसांनी अख्खा चेहरा दिसला तर जशभाई पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले:

"डबे संपले."

"ऐकलं."

"तू म्हणाली होतीस, डबे संपले की येते."

"मुद्दाम बंद केलंत ना सगळं?"

"फ्रीजर मुद्दाम नाही."

"मग बाकीचं?"

जशभाईंनी मान खाली घातली. "गिझर, मशीन, इस्त्री... ते पण मुद्दाम. तू रागवायला तरी फोन करायचीस. करमत नाही गं मला. या झोपाळ्यावर बसवत नाही आणि उठवतही नाही."

कपिलाबेनने पदराने नाक पुसलं. "माहीत होतं मला. एका रुमालाला मशीन किती वीज खातं ते कळतं मला. फोन का बंद केले? तुमचा आवाज ऐकला की दिवसभर पोरीच्या घरात लक्ष लागत नव्हतं. आणि आज फ्रीजर म्हटलं ते तोंडाने. आधी रेघ बघितली ती घराला कुलूप लावल्यासारखी. हातपाय गळाले माझे. फ्रीजरचं आठवलं म्हणून बोलता तरी आलं."

जन्मात पहिल्यांदा जशभाईंना वाटलं की आपला बेत सफल झाला, आणि अजिबात आनंद झाला नाही.

"पण उतराणपर्यंत राहावं लागेल," ती म्हणाली. "पोर रडवेली झालीय."

"राहा," जशभाई म्हणाले. "पण मी आता मोजू काय?"

"ज्योत्स्नाच्या फ्रीजरमध्ये निम्मे डबे आहेत."

"काय?"

"जाताना तिच्याकडे ठेवले. तुम्ही एका महिन्यात सगळे संपवून मला तिकीट काढायला लावाल हे मला ठाऊक होतं. किती ते तिला विचारू नका, सांगायचं नाही म्हणून बजावलंय. दर रविवारी ती एक देईल. शेवटचा मी आल्यावर, दोघांनी."

ज्योत्स्नाबेन दारात उभ्या राहून पुऱ्यांची परात पुसत होत्या. जशभाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. त्यांनी परात पुसणं चालूच ठेवलं.

"एक सांगू?" कपिलाबेन म्हणाल्या. "उठले की देवाच्या आधी तुमची रेघ बघते. तुमची मोटर दिसते, मिक्सर दिसतो. पण मी चहा घेऊन बसते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ, आणि रेघेत काहीच नसतं. नुसती आडवी. तेवढा वेळ फार जड जातो."

"झोपाळ्यावर असतो तेव्हा."

"ते माहीत आहे हो. पण दिसत नाही ना."

"झोपाळ्याला वीज लागत नाही," जशभाई म्हणाले.

"मग वरचा पंखा लावून बसत जा," ती म्हणाली. "म्हणजे मला कळेल."

दुसऱ्या दिवशी जशभाईंनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. (इस्त्री उन्हातच उरकली.) ऊन कलतं झालं तसे ओसरीत आले. झोपाळा झटकला. पंख्याचं बटण जोरात दाबलं आणि आज पहिल्यांदाच डावीकडे बसून पायाने झोका दिला. तो वाकडाच गेला. फोनवर निळी रेघ हलली, एवढीशी, मुंगीएवढी वर आली. आता तिच्या हातात चहा असेल. आता तिने चष्मा लावला असेल. आता बघितलं असेल! जशभाईंचं काळीज पंख्यापेक्षा जोरात फिरत होतं.

फोन टिणटिणला. कपिलाचा मेसेज! नुसतं चित्र नव्हतं, पूर्ण वाक्य होतं. जशभाईंनी तो छातीशी धरला, मग चष्मा पुसला आणि वाचला:

"दिसलात. पंखा पाचवर कशाला? एकट्याला तीन पुरे."